तीन पत्तीतून पोकरकडे: घरच्या डावात कोणता हात खेळायचा आणि कुठे सोडायचा

नागपुरात पत्त्यांची बैठक म्हटलं की दिवाळी आठवते. लक्ष्मीपूजन झालं, फराळाची ताटं उचलली गेली की दिवाणखान्यात सतरंजी पडते आणि तीन पत्ती सुरू होते. तीच मंडळी आता धरमपेठेत, मनीषनगरात, त्रिमूर्तीनगरात शनिवारी रात्री पोकर खेळायला जमतात. खेळ बदलला, सवयी मात्र तीन पत्तीच्याच राहिल्या. न पाहता चाल देत राहायची, शेवटी दोघं उरले की शो मागायचा, आणि पत्ते दिसले की नशिबाला बोल लावायचा. पोकरमध्ये या सवयींनी चिप्स झपाट्याने संपतात.

माझं म्हणणं सरळ आहे. घरच्या मैत्रीच्या टेबलावर जिंकणं-हरणं थापांवर फारसं ठरत नाही. प्रत्येक निर्णयाआधी तीन गोष्टी मनात मोजल्या की नाही, यावर ते ठरतं: मला किती घालायचे आहेत, त्यातून किती मिळू शकतात, आणि ते किती वेळा मिळतील. समोरच्याचा चेहरा वाचणं त्यानंतर. हा लेख सगळ्यात जास्त खेळल्या जाणाऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे टेक्सस होल्डेमबद्दल आहे. सहा जणांचा डाव डोळ्यासमोर ठेवून लिहिलं आहे.

बसण्याआधी

टेबलावर पैसा नको. महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासून आहे. जागेचं भाडं किंवा पॉटमधला (मधे जमलेल्या रकमेतला) हिस्सा घेऊन खेळ चालवला तर राहतं घरसुद्धा जुगाराचा अड्डा ठरू शकतं. मोबाइलवर पैसे लावून खेळवल्या जाणाऱ्या खेळांवर २०२५च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. पैसा नसला की हात संपल्यावर मोकळेपणाने बोलता येतं. "तू तिथे कॉल का केलास?" (कॉल म्हणजे समोरच्याने लावलं तेवढंच आपणही घालणं) असं विचारलं तर कोणी दुखावत नाही, आणि सगळ्यांचाच खेळ सुधारतो.

पण मग अडचण अशी की फुकटच्या चिप्स लोक वाटेल तशा उधळतात. त्यावर उपाय म्हणजे चिप्स मोजक्या ठेवणं. प्रत्येकाला एकदा १,००० चिप्स द्यायच्या आणि त्या संपल्या तर फक्त एकदाच पुन्हा द्यायच्या. रात्रीच्या शेवटी कोण कितव्या नंबरवर आलं ते वहीत लिहायचं आणि वर्षभराची बेरीज ठेवायची. शेवटच्या नंबरवर आलेला पुढच्या वेळचा यजमान. एवढ्यानेही लोक कॉल करण्याआधी थांबून विचार करू लागतात.

ब्लाइंड, म्हणजे दर हाताला दोघांनी पत्ते पाहण्याआधी घालायच्या रकमा, ५ आणि १० ठेवले तर १,००० चिप्स म्हणजे १०० बिग ब्लाइंड (त्यातली मोठी रक्कम) होतात. विचार करून खेळायला एवढे पुरेसे आहेत. वाटणी अशी करा: ५च्या २०, २५च्या १६ आणि १००च्या ५. चिप्सचा संच नसेल तर चिंचोके, कवड्या आणि शर्टाची बटणं चालतील, फक्त प्रत्येकाची किंमत आधी ठरवून कागदावर लिहून ठेवा.

पत्ते प्लास्टिकचे घ्या. एप्रिल-मे महिन्यात कूलरशिवाय बसणं शक्य नसतं, आणि त्या ओलसर हवेत कागदी पत्ते तासाभरात मऊ पडतात, एकमेकांना चिकटतात. कूलरचा झोत टेबलावर येणार नाही असं बसा, नाहीतर पालथे टाकलेले पत्ते उलटतात आणि हात तिथेच वादात सापडतो. तर्री-पोहे किंवा सावजी रस्सा असेल तर आधी जेवून, हात धुऊन मग पत्ते हातात घ्यावेत. एक्क्याच्या पाठीवर तेलाचं बोट उमटलं की तो पत्ता रात्रभर सगळ्यांना ओळखू येतो, आणि मग खेळात काही अर्थ उरत नाही.

हात कसा पुढे जातो

एक बटण वाटणाऱ्याची जागा दाखवतं आणि दर हाताला डावीकडे सरकतं. बटणाच्या डावीकडचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड. या दोन रकमा पत्ते पाहण्याआधी घालाव्याच लागतात. प्रत्येकाला दोन पत्ते पालथे मिळतात. बोली होते: बेट म्हणजे चिप्स लावणं, रेझ म्हणजे आधी लावलेल्याहून वाढवणं, चेक म्हणजे काही न लावता पाळी पुढे देणं. मग मधे तीन पत्ते उघडतात, तो फ्लॉप. पुन्हा बोली. चौथा पत्ता टर्न, बोली. पाचवा पत्ता रिव्हर, शेवटची बोली. तुमचे दोन आणि मधले पाच अशा सातांतून सर्वांत चांगले पाच मोजायचे. पहिल्या फेरीत बिग ब्लाइंडच्या डावीकडचा आधी बोलतो. फ्लॉपनंतर मात्र बटणाच्या डावीकडून सुरुवात होते, म्हणजे बटणावर बसलेला सगळ्यांत शेवटी बोलतो. ही जागा किती मोलाची आहे ते पुढे दिसेलच.

हातांची क्रमवारी: तीन पत्तीवाल्यांची घसरण इथेच होते

वरून खाली क्रम असा: एकाच रंगातला सिक्वेन्स, चार सारखे, फुल हाउस म्हणजे तीन सारखे आणि एक जोडी, कलर म्हणजे पाचही पत्ते एका रंगाचे (सगळे बदाम किंवा सगळे इस्पिक असे), सिक्वेन्स म्हणजे पाच लागोपाठचे पत्ते, तीन सारखे, दोन जोड्या, एक जोडी, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता.

कलर आणि सिक्वेन्सकडे नीट पाहा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो, पोकरमध्ये कलर सिक्वेन्सच्या वर. यात लहर कोणाचीच नाही, हिशोबच तसा आहे. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांचे संच २५,९८,९६० होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर फक्त ५,१०८. पाचही पत्ते एका रंगाचे येणं अवघड, म्हणून तो हात मोठा.

ट्रेलचंही, म्हणजे तीन सारख्या पत्त्यांचंही, तसंच. तीन पत्तीत तीन एक्के आले की पुढे विचार करायचंच कारण नसतं. पोकरमध्ये तीन सारखे हा चांगला हात आहे, पण सिक्वेन्स, कलर आणि फुल हाउस हे तिन्ही त्याला हरवतात. मधे चार बदामाचे पत्ते पडलेले असताना तीन एक्क्यांवर सगळ्या चिप्स लावणारी माणसं प्रत्येक टेबलावर भेटतात. एक्का-दुर्री-तिर्रीचंही लक्षात ठेवा. तीन पत्तीत हा वरून दुसरा सिक्वेन्स असतो. पोकरमध्ये एक्का, दुर्री, तिर्री, चौकी, पंजी हा सर्वांत खालचा सिक्वेन्स आहे, आणि छक्कीपर्यंत गेलेला सिक्वेन्सही त्याला मारतो.

किकरवरून, म्हणजे जोडीबाहेरच्या पत्त्यांवरून, सगळ्यांत जास्त भांडणं होतात, म्हणून एक उदाहरण देतो. मधे राजा, गुलाम, नव्वी, पंजी, तिर्री आहेत आणि कलर शक्य नाही. एकाकडे राजा-राणी, दुसऱ्याकडे राजा-सत्ती. दोघांचीही राजाची जोडी. आता जोडीनंतरचे तीन पत्ते मोजायचे. पहिल्याचे राणी, गुलाम, नव्वी. दुसऱ्याचे गुलाम, नव्वी, सत्ती. पहिला जिंकला. आता मधे एक्का, राजा, राणी, अठ्ठी, अठ्ठी असतील आणि एकाकडे एक्का-सत्ती, दुसऱ्याकडे एक्का-चौकी असेल, तर दोघांचेही सर्वोत्तम पाच पत्ते एकच: दोन एक्के, दोन अठ्ठ्या, राजा. सत्ती मोजलीच जात नाही. पॉट अर्धा अर्धा. इस्पिक मोठं की बदाम, हा प्रश्न पोकरमध्ये येतच नाही.

पहिला निर्णय: दोन पत्ते पाहून

हा निर्णय सर्वांत सोपा आणि सर्वांत महागही आहे, कारण इथे केलेली चूक पुढच्या तीन फेऱ्यांत वाढत जाते.

हातात जोडी येण्याची शक्यता १७ हातांत एकदा. दोन एक्के २२१ हातांत एकदा. म्हणजे फक्त मोठ्या जोडीची वाट पाहत बसलात तर रात्रभर प्रेक्षकच राहाल. उलट बाजू अशी की जोडी नसलेल्या कुठल्याही दोन पत्त्यांना फ्लॉपवर किमान एक जोडी जुळते ती जवळपास तीनात एकदा. उरलेल्या दोन वेळा हातात काहीच नसतं. म्हणूनच "पहिले फ्लॉप तर पाहू" म्हणत प्रत्येक हातात १० चिप्स टाकणं दिसायला स्वस्त असतं, पण रात्रीच्या शेवटी त्याचीच मोठी बेरीज होते.

जागेनुसार निवड करा. बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे बसला असाल तर तुमच्यानंतर पाच जण बोलणार आहेत. तिथे सत्तीच्या वरच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी एवढंच खेळा. बटणावर किंवा त्याच्या उजवीकडे बसला असाल तर हात मोकळा सोडता येतो: सगळ्या जोड्या, कोणताही एक्का आणि त्याच रंगाचा दुसरा पत्ता, राजा-गुलाम, राणी-गुलाम, एकाच रंगातले अठ्ठी-नव्वीसारखे लागून असलेले पत्ते. तेच पत्ते, पण सगळ्यांचं बोलून झाल्यावर बोलायला मिळालं तर त्यांची किंमत वाढते, कारण कोणाला किती रस आहे हे तुम्हाला आधीच कळलेलं असतं.

तीन गैरसमज मला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिला, "रंग एक आहे, खेळून टाकतो." एका रंगाच्या दोन पत्त्यांना फ्लॉपवर थेट कलर लागण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. राजा आणि दुर्री एका रंगाचे असले तरी तो हात कमजोरच.

दुसरा, "एक्का आहे, सोडू कसा?" एक्का-तिर्री घेऊन तुम्ही एक्का-राणीसमोर गेलात तर साधारण चारातून एकदाच जिंकाल. आणि एक्का पडला की सगळ्यांत जास्त चिप्स जातात त्या नेमक्या याच हातावर, कारण जोडी लागलेली असते आणि सोडवत नाही.

तिसरा लहान जोड्यांबद्दल. चौकीची जोडी हातात असली की तिसरी चौकी फ्लॉपवर येण्याची शक्यता साधारण १२ टक्के, म्हणजे साडेआठ वेळांत एकदा. आली तर हात लपलेला आणि जबरदस्त असतो. नाही आली तर सोडून द्यायचा. हा सौदा परवडायचा असेल तर तुम्ही आणि समोरचा, दोघांकडेही आत्ता घालायच्या रकमेच्या पंधरा-वीस पट चिप्स शिल्लक हव्यात. ५० घालायचे आहेत आणि समोरच्याकडे २०० उरलेत, तर चौकीची जोडी सोडा.

खेळायचं ठरलं की शक्यतो रेझ करूनच आत या. नेहमीचं माप: बिग ब्लाइंडच्या तिप्पट, आणि आधी कोणी नुसता कॉल करून आला असेल तर दर माणशी एक बिग ब्लाइंड वाढवा. घरच्या टेबलावर तेवढ्याने कोणी हलत नसेल तर चारपट-पाचपट करा. याचं कारण आकड्यांत आहे. दोन एक्के एका माणसाच्या कोणत्याही हातासमोर सरासरी ८५ टक्के वेळा जिंकतात. तेच एक्के पाच माणसांसमोर शेवटपर्यंत गेले तर जवळपास निम्म्या वेळा हरतात. म्हणून मोठा हात लपवून सगळ्यांना स्वस्तात आत घेऊ नका.

दुसरा निर्णय: फ्लॉप

फ्लॉप उघडला की आधी आपल्या पत्त्यांकडे नको, मधल्या तीन पत्त्यांकडे पाहा. दोन एका रंगाचे आहेत का? लागून आहेत का? जोडी पडली आहे का? राजा, सत्ती, दुर्री तीन वेगळ्या रंगांत आले तर तुमची राजाची जोडी निवांत असते. दश्शी, नव्वी, अठ्ठी आले आणि त्यांत दोन बदाम असतील तर हातातली एक्क्याची जोडीसुद्धा अडचणीत असते, आणि चार जण आत असतील तर हमखास कोणाचं तरी काही तरी जुळलेलं असतं.

मग तुमचा हात या तीनपैकी कशात बसतो ते ठरवा: आत्ताच पुढे असलेला, पुढे सुधारू शकणारा, किंवा दोन्ही नाही असा. तिसऱ्या गटातला हात सोडायला वेळ घेऊ नका. पहिल्या गटातल्या हाताने पॉटच्या अर्ध्यापासून दोन तृतीयांशापर्यंत बेट लावा. दुसऱ्या गटासाठी गणित लागतं.

तुमचा हात जिंकवू शकणारे पत्ते मोजा. कलरला एक पत्ता कमी असेल तर असे ९ पत्ते उरतात. दोन्ही टोकांनी उघड्या सिक्वेन्सला ८. मधला एकच पत्ता हवा असेल तर ४. या संख्येला २ने गुणलं की पुढच्या एका पत्त्यावर जुळण्याची टक्केवारी साधारण मिळते, आणि ४ने गुणलं की टर्न आणि रिव्हर मिळून. ९ पत्त्यांसाठी खरे आकडे १९ आणि ३५ टक्के आहेत, ८ साठी १७ आणि ३१.५, ४ साठी साडेआठ आणि साडेसोळा. मनातल्या मनात करायला एवढी अचूकता पुरते. चारने मात्र फक्त तेव्हाच गुणा, जेव्हा दोन्ही पत्ते पाहायला पुन्हा काही घालावं लागणार नाही, म्हणजे कोणी ऑल-इन असेल, आपल्या सगळ्या चिप्स लावून बसलेला असेल तेव्हा. टर्नवर पुन्हा बेट येणार असेल तर दोननेच गुणायचं. "पस्तीस टक्के आहेत की!" म्हणत कॉल करणारे हेच विसरतात.

आता दुसरी बाजू, किंमत. घालायची रक्कम भागिले ती रक्कम घातल्यावर होणारा एकूण पॉट. पॉटच्या अर्ध्याएवढी बेट आली तर कॉल परवडायला २५ टक्के वेळा जिंकावं लागतं, पूर्ण पॉटएवढी आली तर ३३ टक्के, एक तृतीयांश आली तर २० टक्के. हे तीन आकडे पाठ करा, बाकी अंदाजाने येतं.

एक हात, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सगळ्यांकडे १,००० चिप्स आहेत, ब्लाइंड ५ आणि १०. तुम्ही बटणावर, हातात बदामचा एक्का आणि बदामचा गुलाम. काका १० घालून आत येतात, वहिनीही १० घालतात. तुमचं माप: तिप्पट म्हणजे ३०, वर दोघांचे २०, रेझ ५०. स्मॉल ब्लाइंड सोडतो. बिग ब्लाइंडवरचा भाऊ कॉल करतो, काका कॉल करतात, वहिनी सोडतात. पॉट १६५: तिघांचे १५०, स्मॉल ब्लाइंडचे ५ आणि वहिनींचे १०.

फ्लॉप: बदाम राजा, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. भाऊ चेक करतो. काका ८० लावतात. पॉट २४५ झाला, तुम्हाला ८० घालायचे आहेत. ८० भागिले ३२५, म्हणजे साधारण २५ टक्के हवेत. बदामचे ९ पत्ते उरले आहेत, पुढच्या पत्त्यावर १९ टक्के. नुसत्या या हिशोबाने कॉल तोट्यात आहे. पण दोन गोष्टी तुमच्या बाजूने आहेत. कलर लागला तर तो सर्वांत मोठा असेल, आणि काकांकडे अजून ८७० शिल्लक आहेत, त्यातले काही नक्कीच मिळतील. एक्का पडला तरी बहुधा तुम्ही पुढे जाल. एक गोष्ट विरोधात आहे: तुमच्यामागे भाऊ अजून बोलायचा आहे, तो रेझ करू शकतो. तो आधी चेक करून बसला आहे, म्हणून धोका कमी. कॉल बरोबर. भाऊ सोडतो. पॉट ३२५.

टर्न: इस्पिक चौकी. तुम्हाला काहीच मिळालं नाही. काका २५० लावतात. पॉट ५७५, तुम्हाला २५० घालायचे. २५० भागिले ८२५, म्हणजे ३० टक्के हवेत. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत ९ बदाम, साडेएकोणीस टक्के. तीन एक्के धरले तरी २६. आता दोन पत्त्यांची आशा संपली, एकच उरला.

इथे शेवटचा आकडा काढा. ४६पैकी ३७ वेळा तुम्ही हरणार, ९ वेळा जिंकणार, म्हणजे एका विजयामागे साधारण चार पराभव. २५०चा सौदा जुळवायला प्रत्येक विजयात सुमारे १,०३० मिळायला हवेत. पॉटमध्ये ५७५ आहेत. उरलेले ४५५ रिव्हरवर काकांकडून यायला हवेत, आणि काकांकडे उरणार ६२०.

म्हणजे प्रश्न पत्त्यांचा राहिलाच नाही, काकांचा झाला. तिसरा बदाम पडल्यावरही काका राजाची जोडी घेऊन तुमची मोठी बेट कॉल करणारे असतील, तर कॉल कसाबसा परवडतो. बदाम दिसताच "कलर लागला बे याचा" म्हणत पत्ते टाकणारे असतील, तर आत्ताच सोडा. एवढे सुंदर पत्ते सोडताना जीव जड होतो, पण १३० घालून सुटलात. उरलेले ८७० तुमच्याकडेच आहेत.

हाच हात काकांच्या खुर्चीतून पाहा. त्यांच्याकडे राजा-राणी आहे. टर्नवर कलरची वाट पाहणाऱ्याला स्वस्तात पुढे जाऊ द्यायचं नाही. हिशोब केला तर पॉटच्या एक तृतीयांशाहून मोठी कोणतीही बेट अशा माणसाचा त्या क्षणीचा कॉल तोट्यात नेते. काकांनी तीन चतुर्थांशाहून जास्त लावले. उत्तम. २५ लावून "पाहू काय करते" म्हटलं असतं, तर तुम्हाला फुकटात पत्ता मिळाला असता.

रिव्हर: शो मागायची सवय

रिव्हरनंतर सुधारणा नाही. हात आहे तो आहे. इथे दोनच कामं उरतात.

हात चांगला असेल तर बेट लावा, आणि घाबरून लहान लावू नका. घरच्या टेबलावर लोक कमी हातावरही कॉल करतात. दोन जोड्या असतील, मधे कलर-सिक्वेन्सची भीती नसेल, तर पॉटच्या दोन तृतीयांश लावा. स्वतःला विचारा, माझ्याहून कमी हात कॉल करतील का? उत्तर हो असेल तरच बेट. फक्त मोठे हातच कॉल करणार असतील तर चेक करून पत्ते दाखवा.

बेट समोरून आली तर पुन्हा तेच तीन आकडे. आणि इथेच नागपूरच्या टेबलावरचं सर्वांत महाग वाक्य ऐकू येतं: "जाऊ दे ना बे, पाहून तर घेऊ काय आहे त्याच्याजवळ." तीन पत्तीत दोघं उरल्यावर शो मागणं हा खेळाचा भागच असतो. पोकरमध्ये रिव्हरचा कॉल हा पूर्ण किमतीचा निर्णय आहे. पूर्ण पॉटएवढी बेट असेल तर तीनात एकदा तरी तुम्ही पुढे असायला हवं. रात्रभर शांत बसलेल्या ताईंनी अचानक मोठी बेट लावली असेल, तर तेवढं तुम्ही पुढे नसता. सोडा. पत्ते पाहायचे असतील तर हात संपल्यावर विचारा, मैत्रीत कोणी सांगतंही.

थाप मारण्याबद्दल, म्हणजे हात नसताना बेट लावून समोरच्याला सोडायला लावण्याबद्दल, थोडंसं. अर्ध्या पॉटची थाप तीनात एकदा चालली तर बरोबरी होते, पूर्ण पॉटची दोनात एकदा चालावी लागते. पण हा हिशोब हात सोडू शकणाऱ्या माणसासमोरचा. जो कधीच सोडत नाही त्याच्यासमोर थाप म्हणजे चिप्सचं दान. दोनहून जास्त जण आत असतील तर थाप मारू नका. एकच जण असेल, तो विचार करून खेळणारा असेल, आणि फ्लॉपपासूनची तुमची खेळी त्या हाताशी जुळत असेल तरच.

माणसं ओळखणं

डोळे, हातांची थरथर, घाम यांवर मी फार भरवसा ठेवत नाही. मे महिन्यात घाम सगळ्यांनाच येतो. बेटचं माप आणि वेळ पाहा. कोण नेहमी लहान बेट लावतो आणि एकदम मोठी लावतो? मोठी बेट बहुतेक वेळा खरीच असते. कोण पटकन कॉल करतो? त्याच्याकडे बहुधा मधला हात किंवा वाट पाहणारा हात असतो, कारण मोठा हात असता तर रेझ करावी का याचा विचार करायला तो थांबला असता. कोणी पत्ते उघडून दाखवले की तो हात कसा खेळला गेला ते मागे जाऊन आठवा. तासाभरात प्रत्येकाबद्दल एवढं तरी कळायला हवं: हा किती हात खेळतो, आणि रेझ झाल्यावर सोडतो की नाही.

पाचातले चार हात खेळणाऱ्याला थापेने हलवायचा प्रयत्न करू नका, चांगला हात येईपर्यंत थांबा आणि मग मोठं लावा. दहातला एक हात खेळणाऱ्याने रेझ केली तर एक्का-गुलामसुद्धा सोडून द्या.

भांडण टाळणारे नियम

हे खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्याने वाचून दाखवा. आपली पाळी आल्यावरच बोलायचं. रेझ एकाच वेळी पूर्ण सांगायची, आधी कॉलच्या चिप्स टाकून मग "आणि वर शंभर" चालणार नाही. हात सोडलेल्याने आपण काय सोडलं ते हात संपेपर्यंत बोलायचं नाही, मधे आलेला पत्ता पाहून कपाळावर हातही मारायचा नाही, कारण त्यावरूनही आत असलेल्यांना कळतं. वाटताना पत्ता उघडा पडला तर काय करायचं ते आधीच ठरवा. पहिल्या बोलीआधी असेल तर पुन्हा पिसून वाटणं सर्वांत साधं.

ऑल-इनचा हिशोब दरवेळी गोंधळ घालतो. समजा तिघं ऑल-इन झाले: एकाकडे २००, दुसऱ्याकडे ५००, तिसऱ्याकडे ९००. प्रत्येकाकडून २०० घेऊन ६००चा मुख्य पॉट करा, त्यावर तिघांचा हक्क. मग उरलेल्या दोघांकडून ३००-३०० घेऊन ६००चा वेगळा पॉट, त्यावर फक्त त्या दोघांचा हक्क. तिसऱ्याचे उरलेले ४०० त्याला लगेच परत. आधी वेगळ्या पॉटचा निकाल लावा, मग मुख्य पॉटचा. २००वाल्याचा हात सर्वांत मोठा निघाला तरी त्याला ६००च मिळतील.

थांबायची वेळ सुरुवातीलाच ठरवा आणि ती झाली की "शेवटचे तीन राउंड" असं जाहीर करा. बटण तीनदा फिरलं की बंद, कोणी हरत असो की जिंकत. मग सगळ्यांच्या चिप्स एकत्र मोजा. कोणी दुसऱ्यांदा घेतल्या नसतील तर एकूण ६,००० भरायला हव्यात, आणि घेतल्या असतील तर दर माणशी १,००० वाढवा. नंबर वहीत लिहा, त्याखाली रात्रीतला एक अडलेला हात पॉटच्या आकड्यांसकट टिपून ठेवा. पुढच्या वेळी पहिला हात वाटायच्या आधी तो सगळ्यांसमोर मांडायचा, आणि प्रत्येकाने आपण कुठे सोडलं असतं ते सांगायचं.